लेखक आला

आमच्या घरात लेखक आला की धनू दार उघडायला पळायचा.

हे कळायला आधी आमचे अण्णा कळायला हवेत. अण्णा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उभा जन्म नोकरी करून निवृत्त झालेले, आणि जयसिंगपूरच्या घरी रोज दिवेलागणीला मोठ्यानं पुस्तक वाचणारे. श्रोता एकच, माझा धाकटा भाऊ धन्यकुमार. धनू चाळिशीला टेकला होता, पण समज चार-पाच वर्षांच्या पोराची. फिट्स यायच्या. बोलणं दोन-तीन शब्दांत उरकायचं. अंग मात्र पैलवानाचं. आई गेल्यापासून त्याची आंघोळ, दाढी, जेवण, गोळ्या सगळं अण्णांकडे होतं, आणि त्यावरून कुणी चुकचुकलं की ते उखडायचे. "माझा पोरगा हाय तो. चुकचुकायला काय झालं तुम्हाला?"

तर वाचता वाचता अण्णा मधेच थांबायचे. एखादं पात्र अचानक सभेत उभं राहिल्यासारखं बोलायला लागलं की त्यांचं नाक मुरडलं जायचं, चष्मा कपाळावर चढायचा आणि ते जाहीर करायचे, "लेखक आला!" म्हणजे गोष्ट बाजूला सारून लेखकमहाशय स्वतःच पुढं आले, आता आपल्याला शहाणं करून सोडणार. धनूला ते खरंच वाटायचं. कुणी आलंय म्हटल्यावर दार नको उघडायला? तो टुणकन उठायचा, कडी काढायचा, गल्लीत डोकावून यायचा आणि हात हलवत सांगायचा, "न्हाई." मग आम्ही पोट धरून हसायचो, आणि आम्ही हसतो म्हणून तोही हसायचा.

अशा घरात वाढल्यावर मी दुसरं काय होणार? कोल्हापुरात एका प्रकाशनाकडे संपादक झाले. नवीन हस्तलिखित हातात आलं की मनातल्या मनात अण्णांच्या आवाजात वाचायचे. जिथं मनातले अण्णा थांबतील तिथं माझी लाल पेन्सिल उठायची. आमचे प्रकाशक इनामदार सर म्हणायचे, सुप्रभा मगदूमच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात लेखक सापडत नाही. मी ते शाबासकी म्हणूनच घ्यायचे.

रणधीर सरनोबतांची 'नभमासा' मालिका आमचीच. ढगांतून पोहणारा अवाढव्य मासा, त्याच्या पाठीवर वसलेलं पाठार नावाचं नगर, माशाचे खवले घासून साफ करणारी झुंबर नावाची पोरगी, आणि रोज संध्याकाळी शेपटीपर्यंत चालत जाऊन दिवे लावणारे दिवटे आजोबा. पहिल्या दोन भागांनी लोकांना अक्षरशः वेड लावलं. धनू अंगणात उभा राहून आभाळाला हाका मारायचा, "माशाऽऽ!"

दोन भागांनंतर सरनोबत राजकारणात उतरले. त्यांनी स्वभार मंच काढला. मंचाचं म्हणणं सोपं होतं, ज्यानं त्यानं आपलं वजन आपण पेलावं. ज्याला पेलवत नाही त्याला दुसऱ्याच्या पाठीवर बसायचा हक्क नाही. अपंग, म्हातारे, कायमचे आजारी अशांसाठी मंचानं माळावर निवास बांधले होते. घरच्यांनी आपलं माणूस तिथं सोडायचं आणि मोकळं व्हायचं. तिथून कुणी परत आल्याचं फारसं ऐकिवात नव्हतं.

मग आला तिसरा भाग. मासा बिचारा हवेत ताटकळत राहिला आणि पाठारचा प्रधान अकरा पानं भाषण देत सुटला. वजन, हक्क, ओझं, कणा. झुंबर खवले घासता घासता सिद्धांत सांगू लागली. अण्णांनी थोडी पानं वाचली आणि पुस्तक उपडं ठेवलं. "सुप्री, हा लेखक नुसता आला न्हाई. हा आता जेवूनच जाणार." धनू तर दाराच्या खेपा घालून दमला होता. वाचकांनीही त्या भागाला धू धू धुतलं. आवडती मालिका लेखकानं आपल्या मतांच्या पायी मातीत घातली, याची चीड लोकांच्या पत्रांत भरून वाहत होती. मला वाईट वाटलं, पण आज त्या चिडीची आठवण आली की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. इतकी निरोगी चीड मी नंतर पाहिली नाही.

चौथ्या, शेवटच्या भागाचा खर्डा तिसऱ्याहून भयंकर होता. इनामदार सरांनी तेव्हा अल्ताफ मुजावरला आणलं.

अल्ताफ मेंदूशास्त्र शिकून आलेला मिरजेचा तरुण. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. माणूस गोष्टीत रमला की मेंदू पहारा सैल सोडतो. पण कुणीतरी आपल्याला काही पटवू बघतंय असा वास आला की कपाळामागच्या भागात एक बारीक लहर उठते. ती इतक्या झटकन उठते की माणसाला स्वतःलाही पत्ता नसतो. कंटाळा, चीड, पुस्तक मिटावंसं वाटणं हे सगळं तिच्या मागून येतं. भात खाताना दाताखाली खडा लागावा तसं. म्हणून आम्ही त्या लहरीला खडाच म्हणायला लागलो. कपाळावर बांधायचा पातळ पट्टा, समोर पडद्यावर मजकूर, मजकुराखाली धावती रेषा. खडा लागला की रेषेला टोक यायचं आणि कोणत्या वाक्याला आलं ते कळायचं. मग त्याचं लेखनयंत्र, म्हणजे आपण होऊन मजकूर लिहिणारा संगणक, ते वाक्य निरनिराळ्या तऱ्हांनी लिहून बघायचं, पुन्हा वाचकांपुढं ठेवायचं, पुन्हा रेषा बघायचं. रेषा सपाट होईपर्यंत हे चालायचं.

अडचण वाचकांची होती. कॉलेजची पोरं पट्टा बांधून बसायची, पण त्यांचे खडे पुसट. लक्ष निम्मं पुस्तकात, निम्मं फोनमध्ये. अल्ताफ वैतागून म्हणाला, "मॅडम, मला एकच वाचक द्या, पण असा द्या की ज्याला उपदेशाचा वास एक कोसावरनं येतो."

माझ्या तोंडून दुसरं कोणतं नाव निघणार होतं?

अण्णा अगदी खुशीत आले. इस्त्रीचा शर्ट, बरोबर धनू. पट्टा बांधून त्यांनी पडद्यावर सरनोबतांचा खर्डा वाचायला घेतला आणि पहिल्याच पानाला रेषेनं असं टोक काढलं की अल्ताफ खुर्चीतून उठला. "हे बघा, हे बघा! लहर आधी उठली, नाक नंतर मुरडलं!" पाठोपाठ अण्णांचा आवाज आला, "लेखक आला!" आणि धनूनं ऑफिसचं काचेचं दार उघडलं. दिवसभर तेच चाललं, आणि पुढचे कित्येक दिवसही. शेवटी आमच्या शिपायानं ते दार उघडंच ठेवलं.

"म्हणजे आता पुस्तकातनं लेखकाला हाकलायची सोय झाली म्हणायची," अण्णा मला म्हणाले. यंत्र खडे वेचून टाकणार, असंच त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. घरात आयुष्यभर जे चाललं होतं तेच यंत्र करणार, फक्त जास्त चोख.

पहिल्याच दिवशी सरनोबत ऑफिसात येऊन गेले. मऊ आवाजाचा, अदबशीर माणूस. त्यांनी धनूकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि फार आपुलकीनं विचारलं, "यांचं सगळं आपणच बघता? दमत असाल हो."

"पोराचं करताना दमायला काय झालंय?" अण्णांनी तिथल्या तिथं उडवून लावलं.

सरनोबत हसले. इनामदार सरांना जाताना एवढंच म्हणाले, "गोष्टीत काय हवं ते करा. विचारातला कण कमी करायचा नाही."

आणि यंत्रानं कण कमी केला नाही. खरं तर माझ्यासारखीला हे पहिल्या आठवड्यातच कळायला हवं होतं, कारण मी ते घरी बघितलेलं होतं. धनूची फिट्सची गोळी कडू. आई ती शिऱ्यात लपवून द्यायची आणि हा पठ्ठ्या शिरा गिळून गोळी तेवढी नेमकी ओठांवर आणून थुंकायचा. शेवटी अण्णांनी गोळी लाटण्यानं कुटून, पूड करून शिऱ्यात कालवायला सुरुवात केली. तेव्हापासून धनू बशी चाटूनपुसून खातो आणि वर आणखी मागतो. यंत्र तेच करत होतं. अण्णांच्या कपाळावरून त्याला कळत होतं की गोळी कुठं लागते, आणि तिथं ते आणखी बारीक कुटत होतं.

प्रधानाचं भाषण गेलं. त्यातलं एक वाक्य झुंबरच्या अंगाईत गेलं, एक दोन मित्रांच्या थट्टेत, एक प्रेमपत्रात. बाकीचं सगळं दिवटे आजोबांच्या वाट्याला आलं. मासा दमतोय, खाली खाली जातोय. आजोबा पहाटे उठतात, सगळे दिवे पुसून ठेवतात, चपला काढून नीट जोडीनं ठेवतात, कुणाला उठवत नाहीत, आणि माशाच्या कडेवरून शांतपणे पाऊल पुढं टाकतात. मासा किंचित वर येतो. बस्, एवढंच. कुणी काही सांगत नाही, कुणी काही शिकवत नाही. ते प्रकरण पहिल्यांदा वाचून मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मग पुन्हा वाचलं. स्वल्पविराम बघायला पुन्हा, परिच्छेद तोडायला पुन्हा. अण्णांच्या कपाळावरची रेषा त्या पानाला मिरजेच्या मैदानासारखी सपाट होती आणि अल्ताफनं पेढे वाटले.

पेढा खाता खाता तो सहज म्हणाला, "गंमत आहे मॅडम. मेंदू ऐकलेल्या गोष्टीवर शिक्का मारतो, हे अमक्यानं सांगितलं, हे तमक्या पुस्तकात वाचलं. तो शिक्का या खड्याच्या लहरीबरोबरच पडतो असं दिसतंय. खडाच लागला नाही तर शिक्का पडत नाही. मग तो विचार बिनशिक्क्याचा आत जाऊन बसतो. माणसाला वाटतं, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊकच होतं."

मी म्हटलं, "वा." खरंच, वा म्हटलं. माझं लक्ष रेषेकडे होतं.

पुस्तक आलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मालिका बुडता बुडता वाचली, सरनोबत पुन्हा गोष्टीकडे वळले, उपदेशाचा मागमूस नाही, असं जो तो लिहू लागला. मी जयसिंगपूरला छापील प्रत घेऊन गेले तेव्हा अण्णांनी दिवेलागणीला ती धनूसमोर उघडली. रोज थोडं थोडं वाचत ते शेवटापर्यंत आले. शेवटच्या संध्याकाळी मी मुद्दाम तिथं होते. आजोबांनी चपला काढल्या तेव्हा अण्णांना रडू फुटलं. ज्या माणसानं आमच्या आईच्या चितेपुढंही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, तो पुस्तक छातीशी धरून रडत होता. धनू दोनदा अर्धवट उठला, वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि पुन्हा बसला. त्याला कुणी दाराकडं पाठवलंच नाही.

मला किती आनंद झाला होता! अण्णांना हरवणारं पुस्तक मी काढलं होतं.

बदल हळूच आला. आधी अण्णा धनूचं ताट वाढताना थबकू लागले. मग फोनवर म्हणाले, "सुप्री, माणूस जिवंत असतो तवर कुणाच्या न कुणाच्या पाठीवर बसलेला असतो गं. विचार करत न्हाई आपण." मी म्हटलं, अण्णा, तुम्हाला बरं नाही का? "दमलोय जरा," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. त्यानंतर एका रविवारी मी घरी गेले तर धनूचे कपडे दोरीवर नव्हते, पिशवीत होते.

"सोमवारी निवासाची गाडी येणार हाय," अण्णा म्हणाले. "मी बोललोय त्यांच्याशी."

"कुठल्या निवासाची? सरनोबतांच्या?"

"कुणाचं का असंना. चांगलं हाय."

"अण्णा, तुम्ही धनूला सोडणार? तुम्ही?"

"सोडायचं काय त्यात? ज्याचं त्याचं वजन असतं, सुप्री. ते दुसऱ्यानं उचलत राहिलं की दोघंबी बुडतात. हे मला कुणी सांगितलं न्हाई, बरं का. माझं मलाच कळलंय. उशिरा कळलं एवढंच."

बिनशिक्क्याचा विचार.

धनू पायरीवर बसून मुंग्या बघत होता. मी माझ्या पिशवीतून मूळ खर्डा काढला, यंत्रात घालायच्या आधीचा. तो मी येताना सोबत आणला होता, कारण फोनवरच्या त्या 'दमलोय'नं माझी झोप उडवली होती. त्यातलं प्रधानाचं सगळ्यात ओंगळ भाषण काढलं. हेच पान अण्णांनी ऑफिसात वाचलं होतं तेव्हा रेषेनं पडदा फाडायचा बाकी ठेवला होता. मी ते त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायला लागले. दुबळ्यांना पोसणारी नगरं बुडतात, हे नागरिकहो, आणि करुणा हे आळशांचं शस्त्र आहे, इत्यादी इत्यादी. धनू पायरीवरून आत आला, माझ्याजवळ बसला. वाचता वाचता मी अण्णांच्या नाकाकडे बघत होते. म्हटलं, आता मुरडेल. या वाक्याला मुरडेल. पुढच्या वाक्याला तरी.

धनूही बघत होता. त्याचा एक पाय उठायच्या तयारीत होता.

पान संपलं. अण्णांनी चष्मा पुसला. "किती सरळ लिवलंय," ते म्हणाले. "सभेत असं बोलणारी माणसं राहिली न्हाईत आता."

"अण्णा, हा उपदेश आहे! हे तुम्हीच फेकून दिलं होतं!"

"उपदेश कुठाय ह्यात? सूर्य उगवतो म्हटलं तर तो उपदेश होतो काय?"

धनूनं पाय हळूच खाली घेतला.

मी तशीच कोल्हापूरला आले. रविवार असूनही अल्ताफ ऑफिसात होता, पुढच्या पुस्तकाचं काम चाललं होतं. पुढचं पुस्तक दुसऱ्या लेखकाचं, दुसऱ्या मंचाचं, उलट्या मतांचं. यंत्राला काय त्याचं? रांग लागली होती म्हणे. मी त्याला म्हटलं, पट्टा बांध मला. मला एकदा बघू दे की निदान मी शाबूत आहे. मला राग आलाय, मला रडू येतंय, म्हणजे मी शाबूत असणारच.

त्यानं पट्टा बांधला आणि प्रधानाचं तेच भाषण पडद्यावर आणलं. मी वाचलं. करुणा हे आळशांचं शस्त्र आहे. रेषा सरळ धावत होती. मी पुन्हा वाचलं, दात खाऊन, एकेक शब्द चावून. सपाट. पट्टा सैल असेल म्हणून अल्ताफनं साबणाची एक जाहिरात पुढं केली, तर लगेच टोक आलं. पुन्हा भाषण. सपाट.

"तुम्ही कितीदा वाचलाय चौथा भाग?" त्यानं विचारलं.

मी पट्टा काढला. त्या पुस्तकाचा माझ्याइतका वाचक जगात दुसरा नव्हता.

"हे काढता येतं?"

"शिक्का असता तर शोधून काढता आलं असतं," तो खाली बघत म्हणाला. "आता कोणता विचार तुमचा आणि कोणता आत आलेला, हे मी कसं ओळखू? तुम्ही तरी कसं ओळखणार?"

मी ठरवलं, काही ओळखायचं नाही. सोमवारी सकाळी जायचं, धनूला घ्यायचं आणि माझ्या घरी आणायचं. इतकं साधं होतं ते. एसटीत बसले तेव्हा हे अगदी पक्कं होतं. रुकडी मागे पडेपर्यंत आठवलं की माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नेहमी बंद असते. धनू जिन्यात फिट येऊन पडला तर? हातकणंगल्याला आठवलं की मी दिवसभर ऑफिसात असते, त्याला कोण बघणार. कुणाकुणाची एकटी आई, एकटी बहीण अशी झिजून गेलेली आठवली. सगळी कारणं खरी होती, आणि सगळी माझ्याच आवाजात येत होती. धनूला पाठवणं चूक आहे हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक होतं ते शाळेत पाठ केलेल्या उत्तरासारखं. आतून काही बोचत नव्हतं. बोचत नाही म्हणून मला भीती वाटली, आणि मग ती भीतीही हळूहळू बसत गेली.

मी पोचले तेव्हा गाडी दारात उभी होती. पांढरी, सरकत्या दाराची, आतले दोघे कर्मचारी अगदी सभ्य. अण्णांनी धनूची दाढी केली होती, पावडर लावली होती. शिऱ्याची रिकामी बशी ओट्यावर होती.

"अक्का," धनू मला बघून म्हणाला, "मासा दमतो."

"कोण म्हणालं रे?"

त्याचं काम चाललं होतं. पिशवीतून त्यानं आपला स्टीलचा पेला काढला आणि भिंतीशी ठेवला. मग चादर काढली. मग खिशातल्या गोट्या, एकेक करून. कर्मचारी म्हणाला, असू द्या की राजे, लागतील तिकडं. धनूनं मान हलवली. "जड," तो म्हणाला. रिकामी पिशवीसुद्धा त्यानं खुंटीला अडकवली. उंबऱ्याशी जाऊन चपला काढल्या, वाकून नीट जोडीनं ठेवल्या आणि अनवाणी पायरी उतरला.

सगळा चौथा भाग तो मुकाट्यानं ऐकत बसला होता. गोष्टीतलं सगळं त्याला खरंच वाटतं, हे आम्ही दोघं कसे विसरलो?

"बघितलंस?" अण्णांचे डोळे भरले होते, आणि त्यात दुःख कमी, अभिमान जास्त होता. "त्याला पण कळलं."

आता जे सांगायचं ते सांगते. त्या चपलांकडे बघताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच की किती शोभतंय हे. प्रकरण कसं नेमकं संपलं. मी तिथं उंबऱ्यात उभी होते, माझा भाऊ अनवाणी गाडीत चढत होता, आणि माझ्या डोळ्यांतून जे पाणी वाहत होतं ते पुस्तक संपताना येतं ते होतं. हात पुढं करावा असं मला वाटलं नाही. मला तसं वाटावं म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते, आणि वाटत नव्हतं.

दार सरकून बंद झालं. खिडकीतून धनू माझ्याकडे बघून हसला.

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. विचार करून नाही. विचार केला असता तर आलंच नसतं. लहानपणापासून या घरात शेकडो वेळा ऐकलेलं, जिभेला आपलं आपण येणारं. मी गल्ली दणाणून ओरडले, "धनूऽ! लेखक आला!"

त्याचा चेहरा असा उजळला! तो टुणकन उठला, डोकं छताला आपटलं तरी त्याला काही नाही. कुणी आलंय म्हटल्यावर दार उघडायलाच हवं. दोन्ही हातांनी तो दार चाचपू लागला, वर, खाली, काचेच्या कडेनं, कडी शोधत. हसत होता. माझ्याकडे बघत होता, मी सांगेन म्हणून. त्या दाराला आतून कडी नव्हती.

गाडी सुरू झाली. पिठाच्या गिरणीपाशी वळेपर्यंत त्याचे हात काचेवर फिरताना दिसत होते.

अण्णा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी गल्लीत एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं.

"असं काय वरडतीस, सुप्री?" ते म्हणाले. "कुठाय लेखक?"